साखरेची वाळू

"वाळू! देवाशपथ सांगतो, वाळू!"

एक गलेलठ्ठ शिंपी खुर्चीवर उभा राहून ओरडत होता. तोंडातली साखर त्याने तळहातावर काढली आणि आजूबाजूच्यांना दाखवली. लोक माना लांब करकरून बघू लागले. साखरच होती ती, थुंकीने ओली झालेली, बाकी काही नाही. पण शिंप्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि त्याची बायको "गेली हो, यांची साखर गेली!" म्हणून असा हंबरडा फोडत होती की एखाद्याला वाटावं, घरात चोरी झाली.

हे सगळं चाललं होतं आमच्या बिस्किटांच्या कारखान्यासमोरच्या मोटारींच्या शोरूममध्ये. शोरूम बंद पडलं होतं, मोटारी गेल्या होत्या, आणि ज्या फिरत्या चौथऱ्यावर पूर्वी नवी कोरी गाडी गोल गोल फिरायची त्या चौथऱ्यावर आता निःशर्कर महाराज फिरत होते. मांडी घालून, डोळे अर्धे मिटून, सावकाश. तो चौथरा बंद कसा करायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे प्रवचनसुद्धा त्याच बेताने चाले. महाराजांचं तोंड समोर आलं की उपदेश, पाठ आली की भक्तांनी मनन करायचं.

"बाळांनो, साखर गोड नाही!" महाराज म्हणाले आणि भिंतीकडे वळले. आम्ही मनन केलं. ते पुन्हा समोर आले. "गोड आहे ती तुमची भूल! म्हणतात, साखरेचं खाणार त्याला देव देणार. खोटी म्हण! साखरेचं खाणार त्याला देव नेणार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात पट्टशिष्य उरलेल्यांना कागदी पेल्यांतून हिरवा काढा वाटू लागला. हा पट्टशिष्य आधी याच शोरूममध्ये गाड्या विकायचा, त्यामुळे काढा देतानाही "एकदा घेऊन तर बघा, घेतलाच पाहिजे असं नाही" म्हणायचा. काढा तोंडात धरायचा, घोळवायचा, गिळायचा. मग चिमूटभर साखर जिभेवर. साखर वाळूसारखी लागली की तुम्ही मुक्त.

"रक्तातली साखर संपली, म्हणून जिभेला साखर ओळखू येईना!" महाराज सांगत होते. "ओळख देणार कोण? घरात माणूसच उरला नाही! आता नियम ऐका. दोन तास मौन. दोन तास तोंडात पाण्याशिवाय काही नाही. आणि आजपासून गोळी नाही, सुई नाही, रक्ताची तपासणी नाही. सुई टोचलीत, की त्याच भोकातून साखर परत आत शिरेल!"

मी दारात उभी राहून हसत होते. हसू आवरत नव्हतं मला. आणि मग दुसऱ्या रांगेतून एक ओळखीचा आवाज आला.

"वाळू," माझ्या सासूबाई म्हणाल्या. "अगं बाई! खरंच वाळू."

माझं हसू तिथंच विरलं.

माझं आणि सासूबाईंचं पटत नाही, हे आख्ख्या गल्लीला माहीत आहे. मी भाजी चिरली तर त्यांना जाड वाटते, त्यांनी चिरली तर मला दिसतच नाही. पण रोज सकाळ-संध्याकाळ त्यांचं इन्सुलिनचं इंजेक्शन मीच भरून द्यायची. माझ्या लग्नाच्या आधीपासून ती बाई पोटावर सुया टोचून घेत आलेली. त्या दिवशी घरी आल्या, मौनाचे दोन तास पाळले, आणि तिसऱ्या तासाला फ्रिजच्या दारातून इंजेक्शनची डबी काढून माझ्या हातात दिली.

"टाकून दे. संपलं ते."

"आई, काय संपलं? तपासलं का कुणी?"

"जिभेनं तपासलं. तुझं नाही का जिभेवर पोट चालत? मग माझी जीभ खोटी का?"

मी नवऱ्याकडे बघितलं. आमचे हे वर्तमानपत्रात इतके शिरले होते की पलीकडून बाहेर पडायचे बाकी होते.

"अहो, काहीतरी बोला."

"आईची श्रद्धा आहे गं," वर्तमानपत्र म्हणालं. "बघू दोन दिवस."

दोन दिवसांत त्या हंडाभर पाणी प्यायल्या. रात्रीतून चार चारदा उठू लागल्या, दिवसा बसल्या जागी पेंगू लागल्या. महाराजांनी सांगितलं होतं म्हणे की तहान लागणं म्हणजे रोग वाहून जाणं. मी बोटाला सुई टोचून साखर बघायचं यंत्र पुढे केलं की त्या हात पदराखाली लपवायच्या. डॉक्टरांना घरी बोलावलं तर डॉक्टर दारात दिसताच बाईंनी मौन धरलं. डॉक्टर म्हणाले, "बांधून तर नेता येत नाही. पण समजूत काढा, आणि लवकर काढा." मी समजूत काढली, भांडले, रडलेसुद्धा. पालथ्या घड्यावर पाणी. तो सुटका झाल्याचा आनंद त्यांच्या तोंडावरून उतरतच नव्हता, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

आता माझ्या कामाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

मी बिस्किटं चाखणाऱ्यांची मुकादम आहे. हसा, सगळेच हसतात. आमच्याकडे आठ जण चाखायला बसतात, प्रत्येकाला वेगळा कप्पा, मध्ये आडोसे, वर लाल दिवा, म्हणजे बिस्किटाचा रंग कळू नये. एका झडपेतून मी बिस्किट आत सरकवते. त्यावर नाव नाही, नुसता आकडा. "आवडलं का?" हा प्रश्न आम्ही विचारतच नाही. समोरच्या पडद्यावर बटणं असतात: गोड, खारट, कडू, कुरकुरीत, कोरडं, चिकट. घास तोंडात गेल्यापासून गिळेपर्यंत, ज्या क्षणी जे सगळ्यात जास्त जाणवेल त्याचं बटण दाबायचं. लक्ष दुसरीकडे गेलं की दुसरं दाबायचं. कारण एकच घास क्षणाक्षणाला बदलतो. आधी कुरकुरीत असतो, मग गोड होतो, मग कोरडा पडतो आणि शेवटी दाताला चिकटून बसतो. संसारासारखंच आहे ते. या सगळ्याची मग एक रेघ निघते, कुठल्या वेळी काय वरचढ होतं ते सांगणारी.

त्या आठवड्यात नव्या बिस्किटाचे चार नमुने चाखायचे होते आणि रेघांमधली गोडी गायब झाली होती. कुरकुरीत आहे, कोरडं आहे, चिकट आहे, पण गोड कुठे नावालाच. रेसिपीवाले साहेब धावत आले. साहेब स्वभावाने गरीब, पण बिस्किटाच्या बाबतीत हळवे.

"मॅडम, गोड लागत नाही म्हणजे? साखर घातलीय मी!"

"मी कुठे म्हणते? रेघ म्हणतेय."

साहेबांनी साखर वाढवली. दुसऱ्या दिवशीही तेच. साहेबांनी आणखी वाढवली. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे मिटून पोतंच उपडं केलं असावं, कारण ट्रेमधलं एक बिस्किट मी सहज तोंडात टाकलं आणि माझी दाढ टाहो फोडून उठली. खिडकीत मुंग्यांची रांग होती, तीसुद्धा बिस्किटाला वळसा घालून पलीकडे गेली. आणि आत लाल दिव्याखाली माझी आठ कसलेली माणसं शांतपणे "कोरडं" दाबत बसली होती.

साहेब खुर्चीत मटकन बसले. "माझी नोकरी जाणार. साखर आता बिस्किटात मावत नाही हो, मॅडम."

मग मी डोकं चालवलं, जे मी पहिल्याच दिवशी चालवायला हवं होतं. आमच्याकडे चारही नमुने प्रत्येकाला वेगवेगळ्या क्रमाने देतात. कुणाला आधी हा, कुणाला आधी तो, म्हणजे पहिल्या घासाचा फायदा एकाच नमुन्याला मिळू नये. मी आतापर्यंत एकेका नमुन्याची रेघ बघत होते. आता एकेका माणसाची बघितली, ज्या क्रमाने त्याने खाल्लं त्याच क्रमाने. आणि मी तोंडात बोट घातलं. आठही जणांचं पहिलं बिस्किट फिक्कं. दुसरं फिक्कं. तिसऱ्याला जराशी गोडी. चौथं मात्र प्रत्येकाचं गोडमिट्ट! मग ते चौथं बिस्किट कुठलं का असेना. म्हणजे गोडी बिस्किटाप्रमाणे बदलत नव्हती, घड्याळाप्रमाणे बदलत होती. काहीतरी त्यांच्या तोंडातच होतं, आणि तासाभरात उतरत होतं.

मी बाहेर गेले. आठही जण बाकावर ओळीने बसले होते. त्यात आमचा बँडवाला, लग्नात तुतारी फुंकतो तो, आणि चष्मेवाल्या काकू, ज्यांच्या जिभेला अख्खा कारखाना मानतो.

"सत्राआधी तासभर काही खायचं-प्यायचं नाही, हा नियम माहीत आहे ना?"

"मॅडम!" काकू दुखावल्या. "चहासुद्धा सोडलाय मी सकाळचा."

"मग या बँडवाल्याच्या मिशीला हिरवं काय लागलंय?"

बँडवाल्याने मिशी पुसली. "हे? ही कृपा आहे, मॅडम."

"कृपा प्यायलास का तू?"

"प्यायलो असं नाही. म्हणजे तोंडानंच, पण पिणं म्हणून नाही. दर्शन म्हणून."

"आणि बाकीचे?"

सात जणांनी जमिनीकडे बघितलं. कारखान्यात येताना रस्ता ओलांडला की दर्शन, आणि दर्शन झालं की परत रस्ता ओलांडून थेट माझ्या कप्प्यात! वासाचा साबण लावून आलात तर घरी पाठवते मी, आणि ही मंडळी रोज पेलाभर काढा रिचवून येत होती. का, तर देवाचं ते खाण्यापिण्यात धरत नाहीत! दोन तास तोंड बंद ठेवायचा नियम पोटापाण्याच्या कामाला लागू नाही म्हणे, आणि चौथं बिस्किट गोड लागलं तर ती साहेबांनी ओतलेली साखर!

"आणि मॅडम," बँडवाला दबक्या आवाजात म्हणाला, "महाराज म्हणाले, आम्ही शुद्धात्मे आहोत. बाकीच्यांना थोडी थोडी वाळू लागते. आम्हाला एकदम कोरडी ठणठणीत! पुढच्या रांगेत बसवतात."

शुद्धात्मे कसले, कर्म माझं! ही माणसं मीच तयार केलेली. पातळ काही दिलं की ते जिभेच्या शेंड्यापासून मुळापर्यंत, कडेकडेने, खालून वरून घोळवायचं, हे मीच वर्षानुवर्षं शिकवलेलं. बाकी भक्त काढा घटकन गिळत होते, हे मात्र जिभेचा कोपरा न् कोपरा सारवून घेत होते.

त्याच संध्याकाळी मी रस्ता ओलांडला. काढा घेतला, घोळवला, गिळला. कडवट, पालेदार चव. मग साखर. आणि खोटं कशाला सांगू, मी घाईघाईने आणखी एक चिमूट तोंडात टाकली. दाणे दाताखाली करकरत होते, विरघळत होते, पण गोडीचा पत्ता नाही. इतकी वर्षं ज्या चवीवर जगले ती हाक मारूनही येत नव्हती. त्या एका क्षणी मला सासूबाई समजल्या. ज्या बाईच्या जिभेवरून साखर अशी पुसली जाते, ती विश्वास ठेवणार नाही तर काय करणार? पण मला तर साखरेचा आजारच नाही. मग माझ्यातलं काय संपलं?

हे मी पट्टशिष्याला विचारलं. तो म्हणाला, "गुप्त साखर होती, ताई. तुम्हाला माहीतच नव्हती. त्याचा तर मोठा फायदा!"

मी परत कारखान्यात आले, माझ्याच कप्प्यात बसले आणि थोड्या थोड्या वेळाने साहेबांची ती भयंकर बिस्किटं खात, बटणं दाबत राहिले. आधी कोरडं, कोरडं, कोरडं. मग कुठेतरी मागून, चोरपावलांनी, गोड आलं. पाऊण तासात सगळी गोडी जागेवर. दाढ पुन्हा ठणकू लागली, आणि दाढदुखीचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी हिरव्या काढ्याचं वर्णन ऐकलं आणि लगेच म्हणाले, "गुडमार. वेल असतो एक. त्याच्या पानांचा रस जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या जागा काही वेळ झाकून टाकतो. साखर असते तिथेच, फक्त जिभेला कळत नाही. आणि तुमच्या सासूबाईंच्या इंजेक्शनची जागा तो कधीच घेऊ शकत नाही. आज कितवा दिवस?"

"पाचवा."

"उद्याच्या उद्या घेऊन या," ते म्हणाले.

दोन तासांचं मौन, दोन तास तोंड बंद! आता कळलं कशाला ते. घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि म्हणाल्या, "तुला माझं बरं झालेलं बघवत नाही." हे वाक्य मला लागलं. फार लागलं. पण रागवायला वेळ नव्हता.

दवाखान्याला त्या येईनात, पण सुदैवाने दुसऱ्या दिवशी सकाळी महाराजांनी 'साक्षसोहळा' ठेवला होता. ज्यांच्या जिभेवर कारखाने चालतात असे चाखणारे येऊन चमत्काराची साक्ष देणार, असा फलक काचेवर लावला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी माझ्या आठ जणांना घेऊन पहिल्या रांगेत बसले. मागे सासूबाई, त्यांच्या शेजारी आमचे हे, आणि यांच्या खिशात माझ्या सांगण्यावरून ठेवलेलं रक्त तपासायचं यंत्र.

काढा झाला, साखर झाली, वाळूचा जयघोष झाला. मी उभी राहिले.

"महाराज, साक्ष देते. पण आमच्या धंद्याच्या रीतीने देते. सगळ्यांनी डोळे मिटायचे, शेजाऱ्याशी बोलायचं नाही. मी हाक देईन तेव्हा चिमूटभर साखर जिभेवर ठेवायची. वाळू लागतेय तोवर हात खाली. गोड लागली की हात वर. मुक्त झालेल्या भक्तांचा हात वर जाणारच नाही, हो ना?"

महाराजांची तेव्हा पाठ होती. पट्टशिष्य धावला. "नाही नाही! दोन तास तोंड बंद, नियम आहे!"

"रोगच गेलाय तर चिमूटभर साखरेने काय बिघडतंय? का कृपा इतकी पातळ आहे?"

"बरोबर आहे," शिंपी म्हणाला. "पातळ नाही कृपा! आणा साखर!"

महाराज फिरून समोर येईपर्यंत सगळ्यांच्या हातात साखर पोचली होती. आता नाही म्हणायची सोय उरली नव्हती. त्यांनी डोळे आणखी थोडे मिटून घेतले.

पहिल्या हाकेला एकही हात नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. लोकांच्या तोंडावर अभिमान दिसू लागला. मी अधूनमधून महाराजांनाच प्रवचनाची विनंती करत वेळ काढला, आणि ते बिचारे चौथऱ्यावरून आत्म्याच्या गोडीबद्दल बोलत राहिले. बऱ्याच वेळाने मागच्या कोपऱ्यात एक हात वर गेला. महाराजांनी फिरता फिरता त्याला आशीर्वाद दिला. पुढच्या फेरीला पाच हात. महाराजांनी पाचांनाही आशीर्वाद दिला, पण जरा घाईने. त्याच्या पुढच्या फेरीला निम्मा हॉल. डोळे मिटलेले, चेहरे गोंधळलेले, आणि हात वर. शिंपी आपला उजवा हात डाव्या हाताने खाली ओढत होता आणि उजवा ऐकत नव्हता. त्याच्या बायकोने एक डोळा उघडून बघितलं आणि त्याला चिमटा काढला. महाराज भिंतीकडे वळायची वाट बघू लागले, पण भिंत काही लवकर येईना. शेवटी माझी माणसं. बँडवाला, बाकीचे, आणि सगळ्यात शेवटी चष्मेवाल्या काकूंनी हात वर केला. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "गोड आहे, मॅडम," त्या म्हणाल्या. "चांगली गोड आहे."

मला वाटलं, झालं काम.

कसलं काय! पट्टशिष्य टुणकन उडी मारून खुर्चीवर चढला. "दुसरा चमत्कार! साखरेची वाळू केली, वाळूची पुन्हा साखर केली! बोला, निःशर्कर महाराज की..."

"जय!" आख्खा हॉल गरजला. शिंपी तर नाचायला लागला. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. मी काढ्याचं सांगतेय, वेलाचं सांगतेय, पाल्याचं सांगतेय, आणि माझा आवाज जयजयकारात बुडून गेला. महाराजांच्या तोंडावर रंग परत आला. त्या क्षणी मी हरले होते, आणि पाठीमागे सहाव्या दिवसाची बिनइंजेक्शनची माझी सासू बसली होती.

"थांबा!"

सासूबाई उठल्या होत्या. खुर्चीच्या पाठीला धरून, डुलत, पण उभ्या. मला ज्या आवाजात भाजीचा जाब विचारतात, तोच आवाज.

"महाराज, मला एक सांगा. साखर वाळूसारखी लागली तेव्हा तुम्ही म्हणालात, रोग गेला. आता मला साखर गोड लागतेय. म्हणजे रोग परत आला का?"

"आजी, हा दुसरा..."

"चमत्काराचं नाही विचारत मी. रोगाचं विचारतेय. गेला की आला? पाऊण तासात जातो आणि येतो, असा कसा रोग? तो काय तुमच्या चौथऱ्यावर बसलाय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"प्रश्न विचारणं हीसुद्धा एक साखरच आहे, आजी," महाराज म्हणाले आणि नेमके भिंतीकडे वळले. सासूबाई ते परत समोर येईपर्यंत वाट बघत उभ्या राहिल्या. सगळा हॉल त्यांच्याबरोबर वाट बघत राहिला. महाराज आले. काही बोलले नाहीत. पुन्हा गेले.

तेव्हा सासूबाई माझ्याकडे वळल्या आणि पदराखालचा हात बाहेर काढला. बोट पुढे केलं. यांनी खिशातलं यंत्र माझ्या हातात ठेवलं.

"टोच गं, सूनबाई."

"सुई नको! भोकातून..." पट्टशिष्य ओरडला, पण बँडवाल्याने त्याला खाली बसवलं. मी सुई टोचली. रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. यंत्राने आकडा दाखवलाच नाही, नुसती 'हाय' अशी इंग्रजी अक्षरं दाखवली. साखर इतकी वर गेली होती की ती मोजायची सोयच त्या यंत्रात नव्हती. मी ते यंत्र सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं. शिंप्याने नाच थांबवला. त्याच्या बायकोने नवऱ्याचा हात धरून माझ्यासमोर आणला. "यांचंही बघा ना, ताई. यांच्या पायाला चार दिवसांपासून मुंग्या येताहेत." त्याच्या मागे आणखी एक जण उभा राहिला. मग आणखी एक.

या गडबडीत महाराजांनी चौथऱ्यावरून उतरायचा बेत केला. पण फिरत्या चौथऱ्यावरून कसं उतरावं याची त्यांना काही सिद्धी नव्हती. ते जे घसरले ते थेट शिंपीणबाईंच्या पुढ्यात, आणि त्या बाईंनी त्यांचं उपरणं असं गच्च धरलं की पोलीस येईपर्यंत सोडलं नाही.

आम्ही मात्र पोलिसांसाठी थांबलो नाही. यांनी आईला उचलून रिक्षात घातलं. आयुष्यात पहिल्यांदा यांना मी पळताना बघितलं. दवाखान्यात सलाईन लागली, इन्सुलिन सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, "अजून एक-दोन दिवस गेले असते तर बेशुद्ध आणल्या असत्या, आणि मग मी काही सांगू शकलो नसतो."

संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले. मी कॉटजवळ बसले होते.

"मला काय खुळी समजतेस?" त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा वाळू लागली तेव्हाच वाटलं होतं मला, की असं कसं होईल. पण कंटाळले होते गं मी. किती वर्षं टोचायचं? कुणीतरी एकदा म्हणावं असं वाटत होतं, की झालं, सुटलीस तू. तुम्ही कुणी कधी म्हणाला नाहीत."

"आई, आम्ही कसं म्हणणार?"

"तेच ना. खरं बोलणारा असं म्हणूच शकत नाही. म्हणून तिकडे गेले."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, आमच्या घरात ही मोठीच गोष्ट आहे. "खूप घाबरले होते मी," मी म्हटलं. "तुमच्याशिवाय भांडू कुणाशी?"

"ते खरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा डोळे मिटले.

महाराजांचं पुढे काय व्हायचं ते कोर्टात होईल. शोरूम रिकामं आहे, पण रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही. उद्या दुसरा कुणी येईल, दुसरा पाला आणेल, आणि एवढंच गोड बोलेल. त्याच्याशी वाद घालत बसू नका, तो वादात तुमच्याहून तयार असतो. फक्त त्याला म्हणा, जरा वेळ थांबतो आम्ही, पुढे काय होतं ते बघतो. खरं औषध थांबायला घाबरत नाही. आणि तुमच्या घरातल्या कुणी गोळी किंवा सुई सोडली असेल, तर आधी रक्त तपासा, आजच तपासा, रुसवेफुगवे मग काढा. पण त्याच्या कंटाळ्याचंही कधीतरी विचारा, कारण भोंदू तेवढंच विचारतो आणि माणूस घेऊन जातो. जीभ पाऊण तास फसते, डोळे फसतात, कानही फसतात. मी जिभेवर पोट भरणारी बाई आहे आणि मीच सांगते आहे: एकट्या जिभेवर विश्वास ठेवू नका.